गावातला अनुशेष कोण मोजणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कर्जमाफीवर आपल्या पेपरात रोज काही ना काही छापून येतंय, वाचकांची पत्रंही येतायत, त्यातली बरीचशी मी वाचली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, मग सरकारनं ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ म्हणून सांगितलं, तेव्हापासून पारावर म्हणा की चहाच्या टपरीवर म्हणा, दुसरा विषयच नाही. कर्जमाफी व्हावी की नाही या वादात मला पडायचं नाही. व्हावीच, कापूस-सोयाबीनवाल्याची जी गत झाली आहे ती पाहता व्हायलाच पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. कर्जमाफी असो, अनुदान असो की अतिवृष्टीची मदत असो, सगळा पैसा गावात सातबाऱ्याच्या वाटेनं येतो, आणि ज्याच्या नावानं सातबारा नाही तो बारा महिने वावरात राबत असला तरी त्याला काही भेटत नाही. वर्षानुवर्षं हेच चालू असल्यानं गावातल्या गावात दरी वाढत चालली, आणि ती कोणी मोजत नाही.

आपण विदर्भवाल्यांनी अनुशेषाची, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या वाट्याची, लढाई खूप वर्षं लढली आणि ती खरीच होती. १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ चं वैधानिक विकास मंडळ, मग केळकर समिती. सिंचन किती, रस्ते किती, पंप किती, पश्चिम महाराष्ट्राला काय दिलं आणि आम्हाला काय दिलं याचा पैन् पै हिशेब झाला. पण हिशेब झाला तो जिल्ह्याजिल्ह्याचा. जिल्ह्यात धरण झालं की तेवढा अनुशेष भरला असं धरायचं, मग त्याचं पाणी कोणाच्या वावरात गेलं आणि कोणाच्या धुऱ्यापाशी येऊन थांबलं हे कोणत्याच तक्त्यात नाही.

मी हे कशावरून बोलतोय, तर घाटंजी तालुक्यात गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, आठ-अ, पीक विमा, केवायसी, राशन कार्ड, लाडकी बहीण, पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं इथूनच जाते, त्यामुळे गावात कोणाच्या खात्यात काय आलं आणि कोणाच्या नाही आलं हे तलाठ्याच्या खालोखाल मला माहीत असते. शेतीच्या कोणत्याही योजनेचं पान उघडा, आधार नंबर टाकला की पुढं गट नंबर मागते. आता तर फार्मर आयडी आलाय, तो नसला तर पुढचं काही होतच नाही, आणि तो निघतो जमिनीच्या रेकॉर्डवरून. आधी निदान कृषी सहायकाला, सरपंचाला सांगून-सवरून काहीतरी मार्ग निघायचा, माणूस समोर उभा राहून आपली अडचण सांगायचा. आता कॉम्प्युटरला असा माणूस गावात आहे हेच माहीत नाही.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. आमच्याकडं एक बाई आहे, नवरा वारून बरीच वर्षं झाली, चार एकर वावर मक्त्यानं करते. मक्ता एकरी १२ हजार, म्हणजे ४८ हजार, आणि तो पाडव्यालाच रोख मोजून द्यावा लागतो, मग पीक येवो न येवो. वावराचा मालक अमरावतीला नोकरीवर, गावात येतो तो सणावाराला. तिनं त्यात कापूस आणि तूर लावली, बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, मक्त्याचे पैसे बायांच्या गटाच्या मायक्रो फायनान्समधून, त्याचा हप्ता दर आठवड्याला. २०२५ च्या पावसाळ्यात पाणी असं लागलं की नाल्याकाठचं निम्मं वावर खरडून गेलं आणि उरलेल्यात पाणी साचून पऱ्हाटी लाल पडली. पंचनामा झाला, मोबाइलवर फोटो काढला, फोटोत तीच उभी आहे, चिखलात, हातात उपटलेली पऱ्हाटी धरून. सरकारनं मदत जाहीर केली, जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये तीन हेक्टरपर्यंत, वरून रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १० हजार, म्हणजे तिच्या चार एकराचे साडेएकोणतीस हजाराच्या घरात होतात. यादी लागली तेव्हा ती सेंटरवर आली. म्हणे, "भाऊ, मायं नाव पाय ना यादीत." गट नंबर टाकला तर नाव आलं मालकाचं. ती म्हणे, "पण फोटो तं माया काढला होता ना." याला मी काय उत्तर देऊ? तिच्यासमोरच मालकाला फोन लावून दिला. तो काही वाईट माणूस नाही, व्यवस्थित बोलला, म्हणाला पुढच्या वर्षीच्या मक्त्यात काहीतरी कमी करू. तिचा गटाचा हप्ता त्याच आठवड्यात होता, तो तिनं कानातलं गहाण ठेवून भरला.

ही एकच बाई नाही. ज्याचा पोरगा पुण्याला लागला, जो स्वतः तालुक्याला राहायला गेला, ज्याला आता वावर झेपत नाही, असे मालक गावोगाव वाढत चालले, त्यांची वावरं मक्त्यानं नाहीतर बटईनं (पिकाचा वाटा देऊन) दुसरेच करतात, आणि करणारे बहुतेक एक-दोन एकरवाले किंवा अजिबात जमीन नसलेले असतात. सगळा व्यवहार तोंडी. कागद कोणी करत नाही कारण मालकाच्या मनात भीती बसली आहे की कागद केला की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा आजही लोकांच्या तोंडी आहे. ती भीती मी समजू शकतो, बापजाद्याची जमीन कोणाला जाऊ द्यावीशी वाटेल? पण त्याचा परिणाम असा की कसणारा माणूस एकाही सरकारी कागदावर नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरची पिकाची नोंद, मालकाच्या नावानं, विमा मालकाच्या नावानं, बँकेचं पीककर्जही मालकालाच. सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर सातबारा पाहिजे, त्यावर पिकाची नोंद पाहिजे, आणि पैसे ज्याचा सातबारा त्याच्याच खात्यात. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता, पण मक्तेवाला बिचारा दारात गाडी घेऊन येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो, कारण त्याला रोख पाहिजे आणि मालकाच्या पाया पडायचं नाही.

आता वरच्या बाजूनं पाहा. ज्याच्याकडं जमीन आहे त्याला पीएम किसानचे वर्षाला ६ हजार, वरून नमो शेतकरीचे ६ हजार. जमिनीत विहीर आणि मोटर असली तर साडेसात एचपीपर्यंतचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून माफ. मोटर नसेल तर सौर पंप, तोही जमिनीप्रमाणे, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात. विहीर खोदायची तर रोजगार हमीतून ५ लाखांपर्यंत अनुदान. ठिबक, तुषार, शेततळं, ट्रॅक्टर, सगळं आहे. यातलं काहीच चूक आहे असं मी म्हणत नाही, कोरडवाहू माणसाला पाणी भेटलं तर तो उभा राहते हे मी रोज पाहतो. पण एकावर एक हे सगळं ज्या घरात जाते ते घर आणि ज्या घरात यातलं काहीच जात नाही ते घर, दोन्ही एकाच गल्लीत आहेत हो! दहा वर्षांत या दोन घरांचं काय होणार हे सांगायला समिती कशाला पाहिजे.

कर्जमाफीचंही तसंच. २००८ ला केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा पाच एकराची अट होती, त्याच्या आतल्याला पूर्ण माफी आणि वरच्याला फक्त २५ टक्के सवलत, आणि आपल्याकडच्या बरड जमिनीवरचा सात-आठ एकरवाला त्यात मारला गेला, कारण ती अट ठरवणाऱ्याला ओलिताचे तीन एकर आणि बरडावरचे आठ एकर यातला फरकच कळला नव्हता. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंत झाली. तिन्ही वेळा बँकेचंच कर्ज. ज्याला बँक दारातच उभं करत नाही त्याचं कर्ज असते कृषी केंद्राची उधारी, गावातल्या कोणाचे शेकडा तीन-चार टक्के महिन्यानं घेतलेले पैसे, बायकोच्या नावावरचं मायक्रो फायनान्स. यातला एक रुपया कोणत्याही कर्जमाफीत बसला नाही आणि आता होणाऱ्यातही बसणार नाही. आत्महत्या झाली तरी हाच न्याय. सरकारचे एक लाख रुपये भेटायला जमिनीचा कागद लागते, बँकेच्या किंवा परवानाधारक सावकाराच्या कर्जाचा पुरावा लागते, आणि तोंडी मक्त्यानं वावर करणाऱ्याचं प्रकरण अपात्र ठरते. माणूस शेतीपायीच गेला हे सगळ्या गावाला माहीत असते.

मजुराचं तर नावच नको. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख निघाले. १९५१ ला उलटं होतं, शेतकरी ६ कोटी ९९ लाख आणि मजूर २ कोटी ७३ लाख. म्हणजे २०११ पर्यंत शेतीवर जगणाऱ्यात मजूरच जास्त झाला, आणि शेतीची म्हणून जी मदत येते त्यात त्याचा वाटा शून्य. वावरात पाणी साचलं तर शेतकऱ्याचं पीक जाते आणि मजुराचं निंदण जाते, वेचणी जाते, सोंगणी जाते, दोन-तीन महिन्यांची कमाई जाते. पिकाचा पंचनामा होते, बुडालेल्या रोजीचा होत नाही. स्वामिनाथन आयोगानंतर २००७ ला केंद्रानं राष्ट्रीय शेतकरी धोरण केलं, त्यात बटईवाले, मक्तेवाले, शेतमजूर सगळ्यांना शेतकऱ्यातच धरलं होतं. स्वामिनाथन म्हटलं की दीडपट भाव सगळ्यांना आठवतो आणि आठवलाच पाहिजे, पण हे दुसरं कलम मी आजपर्यंत एकाही मोर्च्यात कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात कितीतरी मजूर होते, दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारणी करणारे. शेतकऱ्याचा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख भेटतात, ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. पाठीवर पंप घेऊन त्याच वावरात जो फिरतो त्याला नाही. मी हे कितीदा लोकांना समजावून सांगितलं, दर वेळी माणूस माझ्याकडं असा पाहते जसा काही नियम मीच केला.

आता थोडं कडू बोलतो. गावात सध्या जमीनवाला आणि मजूर यांच्यात जे चाललंय ते चांगलं नाही. लाडकी बहीणचे १,५०० सुरू झाल्यापासून प्रत्येक पारावर एकच बोलणं, बाया माजल्या, कामाला येत नाहीत. अहो १,५०० महिन्याचे, म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्यात कोण घरी बसून खाणार? आमच्याकडं बाईची निंदणाची रोजी २५०, माणसाची ४००, कामही जवळपास तेच आणि तासही तेच. वेचणीच्या दिवसात संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो तेव्हा येऊन पाहा, दिवसभर वाकून वेचलेलं गाठोडं काट्याला लटकवलं की बाई एक शब्द न बोलता आकड्याकडं पाहत असते, किलोला १०-१२ रुपये, चाळीस किलो भरला तर चारशे-साडेचारशे, तेही हातात लगेच नाही, बाजाराच्या दिवशी. पन्नास रुपयांमुळं जर तिला आजारी असताना एक दिवस घरी राहता येत असेल तर त्यात माजण्यासारखं काय आहे?

पण वीस एकरवाल्याचीही बाजू आहे आणि ती मी खोटी म्हणणार नाही. हमीभाव कागदावर, बाजारात त्याच्या खाली विकावं लागते, त्यात वेचणीलाच क्विंटलमागं हजार-बाराशे जातात, बियाणं, खत, फवारणी धरली की हाती काय राहते ते त्यालाच माहीत. २०१८-१९ च्या एनएसएस या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. म्हणजे सरासरी शेतकरी घरसुद्धा वावरापेक्षा मजुरीवर जास्त चालते. तेव्हा मजूर आणि शेतकरी ही दोन गटं नाहीतच मुळी, निम्मी घरं दोन्हीकडं आहेत, सकाळी आपल्या दीड एकरात डवरा आणि दुपारून दुसऱ्याच्या वावरात रोजी. यांची आपसात भांडणं लागतात आणि खरी चढती कोणाची झाली तिकडं कोणी पाहत नाही. आमच्या पंचक्रोशीत अशी चार-दोन घरं आहेत ज्यांच्या एकाच अंगणात कृषी केंद्र, ट्रॅक्टर, जेसीबी, कापूस खरेदी, ग्रामपंचायतीचे ठेके आणि व्याजबट्टा असं सगळं आहे. बियाणं त्यांच्याकडून, नांगरटी त्यांच्याकडून, अडचणीला पैसा त्यांच्याकडून आणि माल आला की तोही त्यांच्याच काट्यावर. पाऊस चांगला झाला तरी त्यांचं भलं, वाईट झाला तरी त्यांचं भलं. ग्रामसभेत त्यांच्यासमोर कोण बोलणार, उद्या खत त्यांच्याकडूनच आणायचं असते.

आणि हेही उघडच बोलायला पाहिजे की कोणाकडं सातबारा आहे आणि कोणाकडं नाही हे काही कष्टावर ठरलं नाही. पोडावरचे कोलाम, बेड्यावरचे पारधी, बौद्धपुऱ्यातली घरं, यांच्या आज्या-पणज्याला जमीन भेटलीच नव्हती किंवा भेटली ती सावकाराकडं गेली. दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची सोय आहे, २००४ पासून आहे. फॉर्म भरणारे येतात माझ्याकडं, पण सरकारी भावात जमीन विकणाराच भेटत नाही, मग फाइल तशीच पडून राहते. बायांचं त्याहून वाईट. नव्वदच्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम केलं होतं, बायकोच्या नावानं जमीन करून द्यायला गावंच्या गावं तयार झाली होती, म्हणजे आपल्याच लोकांनी हे करून दाखवलेलं आहे. आता किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे ते मी रोज प्रिंट काढतो म्हणून मला माहीत आहे, फार कमी, आणि बरेचदा नवरा गेल्यावर वारसात आलेलं.

रोजगार हमी ही तर महाराष्ट्रानं देशाला दिलेली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली, १९७७ ला कायदा झाला, शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून जो व्यवसाय कर आजही कापला जाते तो मुळात याच कामासाठी १९७५ ला लावलेला. शहरानं गावातल्या भूमिहीनासाठी दिलेला पैसा होता तो. २०२५-२६ ला मजुरी होती ३१२ रुपये. बाईच्या २५० रोजीपेक्षा जास्त! काम खरोखर मागेल तेव्हा भेटलं असतं तर गावातली रोजी आपोआप वर गेली असती, म्हणूनच की काय गावात ते मागू दिलं जात नाही. डिसेंबर २०२५ ला मनरेगाच्या जागी नवा कायदा आला, दिवस १०० चे १२५ केले हे चांगलं, पण पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा त्यात आहे. मजुराला भाव करायची ताकद नेमकी त्याच दिवसांत असते.

गावाची सामायिक जमीन हा भूमिहीनाचा एकच आधार होता, आपल्याकडची ई-क्लास. शेळ्या तिथंच चरायच्या, सरपण तिथलंच. आता ठिकठिकाणी तिच्यावर सोलरचे प्रकल्प होतायत. दिवसा वीज भेटणार म्हणून शेतकरी खूश आहे, मीही आहे, पण ज्याच्या शेळीची जागा गेली त्याच्याकडं मोटर नाही, मग त्याला त्या विजेचं काय? ग्रामपंचायतीनं त्या मोबदल्यातून शेळीवाल्यासाठी चाऱ्याची सोय केली असं मी तरी आमच्या भागात पाहिलं नाही. सामायिक गोष्ट गावाच्या हाती नीट राहिली तर काय होते हे पाहायला लांब जायची गरज नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ ला सामूहिक वनहक्क भेटला, २०११ पासून बांबू ग्रामसभाच विकते, घरटी काम भेटते, हिशेब सगळ्यांसमोर होते. अमरावती जिल्ह्यात पायविहीरच्या लोकांनी २०१२ ला हक्क भेटलेल्या उजाड जंगलात सीताफळं उभी केली. तिथं ज्याच्याकडं एक गुंठा नाही त्याचाही वाटा आहे, कारण मोजणी सातबाऱ्यावर झाली नाही, माणसावर झाली.

शेजारी पाहा. तेलंगण आपल्या हद्दीला लागून आहे, तिथं जानेवारी २०२५ पासून भूमिहीन मजूर कुटुंबाला वर्षाला १२ हजार द्यायचं ठरलं. छत्तीसगडही लागूनच, त्यांनी २०२१ ला ६ हजारापासून सुरू केलं आणि आता १० हजारावर नेलं, मधात सरकार बदललं तरी योजना टिकली. आंध्रनं २०१९ ला कायदा करून कसणाऱ्याला ११ महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली, त्यानं मालकी हक्काला धक्का लागत नाही असं कायद्यातच लिहिलं. तिथंही मालक सही द्यायला का-कू करतात, सगळं सुरळीत आहे असं नाही, पण मालकाची भीती आणि कसणाऱ्याचा हक्क यांचा मेळ घालायचा प्रयत्न तरी झाला. आपल्याकडं या विषयावर एक बैठक झाल्याचंही मी तरी ऐकलं नाही. आणि आपण स्वतःला पुरोगामी महाराष्ट्र म्हणवतो.

म्हणून माझं मागणं सरकारकडं आहे आणि आपल्याकडंही आहे. ई-पीक पाहणीत कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना टाका, अकरा महिन्यांपुरता, त्यानं कूळ लागणार नाही हे त्याच पानावर ठळक लिहा, आणि नुकसानीच्या मदतीतला ठरावीक हिस्सा थेट त्या नावावर जाऊ द्या. पंचनाम्यासोबत गावात किती मजुरांची किती दिवसांची कामं गेली हेही लिहा, जॉब कार्ड आहेत, नावं आहेत, फक्त विचारायचं आहे. अपघाताचे दोन लाख मजुराला लागू करायला तर नवी यंत्रणासुद्धा लागत नाही. आणि कर्जमाफी असो की अनुदान, कोणाला काय आलं याची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. २०१७ च्या कर्जमाफीत यादीचं चावडी वाचन झालं होतं, लोकांनी ऐकलं, कोणाचं आकाश कोसळलं नाही. यादी वाचली की कोणाचं नाव नाही तेही आपोआप ऐकू येते, आणि माझ्या मते गावात बोलायला सुरुवात तिथूनच होईल.

आपल्या पेपरला एवढीच विनंती की कर्जमाफीची बातमी करताना आपल्या तालुका वार्ताहरांना एखाद्या गावात बसवा आणि त्या गावात गेल्या वर्षी आलेला सगळा सरकारी पैसा घरनिहाय लिहून काढायला लावा. आकडे ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडं, सेवा सोसायटीत सगळे आहेत. आमच्या गावापासून सुरू करायचं असेल तर मी मदत करतो, सेंटर सकाळी नऊला उघडते. खरिपाचे पंचनामे दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात होतात, त्याच्या आधी हे छापून आलं तर यंदा त्या फॉर्मवर एखादी ओळ तरी वाढेल.

आपला,
एक ऑनलाइन सेंटर चालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ